कासवाच्या नावे कारखाना

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा डायव्हरांचे ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न शिरू देणारे सूट, शिवणे व दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोळे अधू झाले आहेत. डोके ठिकाणावर आहे, असा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. याआधी माझ्या हातचे असे काही सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलीला. घर ठेवावे किंवा विकावे; आईची आठवण म्हणून गळ्यात बांधून घेऊ नये.

२. तळमजल्यावरचा कारखाना, दोन्ही शिलाई मशिने, कापायचे मोठे मेज आणि शिवण गळते का ते पाहायचा हौद, हे सर्व माझ्या दिवंगत मुलाबरोबर जी पाण्याखाली जायची, त्या मुलीला. पाणबुड्याचे स्त्रीलिंग पाणबुडी करावे तर ती बोट होते. म्हणून, आणि तिच्या सावकाशीमुळे, सगळे तिला कासव म्हणतात. वकीलसाहेबांनी विचारले, "नातं काय लिहू?" मी म्हटले, "काही नाही असं लिहा. तरीही तिलाच द्यायचंय."

धाकटे भाऊजी हरकत घेणार, म्हणून कारण नोंदवते.

गावाबाहेरची दगडाची खाण बंद पडून पाण्याने भरली. तिच्या खालच्या बोगद्यांचा नकाशा कोणाकडेच नव्हता. माझा मुलगा आणि कासव परतीच्या खुणेसाठी दोरी सोडत आत जात, आणि परत आले की याच मेजावर माझ्या खडूने बोगदे काढून दाखवत. रुळांवर तशाच उभ्या ढकलगाड्या, खिळ्याला टांगलेला कोणा कामगाराचा डबा. माझी सुई हातातच राहायची.

एके दिवशी तिला सर्दी झाली. "कान बंद आहेत, आज नको," ती म्हणाली. मुलगा एकटाच गेला. तो हट्टी होता, हे आईच सांगते आहे. छताची तुळई कोसळली आणि तो आत राहिला.

त्याला आणायला कासव गेली, आणि रिकाम्या हाती आली. भाऊजी काठावर सर्वांदेखत ओरडले, "हाताच्या अंतरावर होता आणि सोडून आलीस? भित्री कुठली!"

ती माझ्यापाशी येऊन बसली. "काकू, तो दिसला. खांद्यावरचं तुमचं पिवळं ठिगळ दिसलं. पाय तुळईखाली अडकलाय. पण त्याला सोडवायचं तर परतीसाठी राखलेल्या हवेला हात लावावा लागला असता."

मी एवढेच विचारले, "जेवलीस का?" तेव्हा ती रडली.

पाण्यात पुढे जायला छाती लागते. आपला माणूस समोर दिसत असताना मागे फिरायला काय लागते, त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही.

मग तिने पोहण्याच्या तलावात तसलीच तुळई टाकली आणि, गाळ उठला की काही दिसत नाही म्हणून, डोळे बांधून, हवा भरून फुगवायच्या पिशवीने ती उचलण्याचा सराव केला. हात सोलवटले. पुन्हा गेली, तेव्हा त्याला घेऊन आली. त्याचा सूट मीच उतरवला. एवढ्या अरुंद बोगद्यातून आणला, तरी पायावरची तुळईची खूण सोडता कापडावर कुठे खरचटलेले नव्हते. किती जपून आणले, ते मला कोणी सांगावे लागले नाही.

पुढच्या वर्षी ती त्याच बोगद्यातून आणखी आत गेली आणि डोंगराच्या पोटातल्या गुहेत पोचली. "काकू, टॉर्चचा उजेड छतापर्यंत पोचेना," म्हणाली. मी तिला अडवले नव्हते. सूट मीच शिवला होता.

३. माझ्या यजमानांचे मनगटी घड्याळ भाऊजींना, पण त्यांनी कासवाची माफी मागितल्यावरच. न मागितल्यास माझ्या मुलीला. माणूस वाईट नाही, पुतण्यावर जीव होता. तोंड तेवढे फाटके, आणि तेच काय ते शिवणे मला जमले नाही.

४. हे वाचायच्या दिवशी कासव पाण्याखाली असेल, तर तिला निरोप धाडू नये. खोलातून घाईने वर आले की रक्तात बुडबुडे होतात. टप्प्याटप्प्याने, थांबत यावे लागते. माझ्या बाबतीत तेव्हा तातडीचे काही उरलेले नसेल. सर्वांनी, भाऊजींनीसुद्धा, काठावर बसून राहावे. ती वर आली, की आधी तिला कोरडी होऊ द्यावी. मग वाचावे.

वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.
सूट शिवणारी बाई

आमच्यासमक्ष सही झाली:
१. डॉक्टरीणबाई
२. डायव्हरांचे हवेचे सिलिंडर भरून देणारे शेजारी

ठिकाण: कारखाना, कापायचे मेज
दिनांक: नऊ ऑक्टोबर, सुट्टीचा दिवस