दादाचा उजवा बूट

दादा,

चालताना पोटरीत गोळे येतात म्हणालास, तेव्हा मी तुझा बूट सैल करून दिला. तीनदा. वहिनी म्हणाली, "यांना शुगर आहे, डॉक्टरांना दाखवू." मी, बूट शिवणारा शहाणा, म्हणालो, "पायातलं मला कळतं." सैल बुटात अंगठा घासून जखम चिघळली; शुगरनं पाय बधिर झालेला, तुला कळलंही नाही.

गोळे यायचे ते पायाची रक्तवाहिनी बंद होत आल्यामुळे. ऑपरेशनमध्ये मांडीची शीर काढून त्या बंद रक्तवाहिनीला वळसा जोडला, म्हणून पाऊल वाचलं. "आधी आणलं असतं तर अंगठाही राहिला असता," असं सर्जन मला म्हणाले. मी तुला सांगितलं नाही. तू मात्र सगळ्यांना सांगतोस, "धाकट्याच्या बुटामुळे इतके दिवस चाललो."

नवा बूट झालाय. अंगठ्याच्या जागी मऊ कापड भरलंय. हे पत्र घडी करून तिथंच ठेवणार होतो. पण ते टोचलं तरी तुला कळणार नाही.

तुझा धाकटा