खिजगणतीतली हलगी

१० ऑगस्ट, रवि.
घडियाळी पोळात, त्या जुन्या गल्लीतल्या गणेश मंडळाची मीटिंग. विसर्जनाला मुलींचं लेझीम ठरलं. माझा जीव सुपाएवढा झाला! सत्तावीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, लेझीम म्हणजे हातचा मळ. हात वर केला, "हलगी मी वाजवीन." कुणी मान वळवली नाही. चिटणीस शुभांगीताई म्हणाल्या, "चहा आला का?"
पुन्हा म्हटलं, मोठ्याने. तर त्या शेजारच्या बाईंना हळूच, पण मला ऐकू जाईल अशा बेताने, "हलगी आपल्यात शोभते का? आणि ह्या प्रतापनगरच्या." म्हणजे रेल्वेवाल्यांच्या. शुभांगीताईंचे पणजोबा इथल्या दरबारात कारभारी होते, ते दर मीटिंगला कळतंच.
वहीत शब्द लिहिला: अनुल्लेख. रिटायर झाल्यापासून हा छंद. कुणी कसं कमी लेखलं, त्याचा नेमका शब्द शोधायचा. सापडला की राग निम्मा उतरतो. आज नाही उतरला.

१३ ऑग.
ग्रुपवर रीतसर लिहिलं. "माझ्याकडे स्वतःची हलगी आहे, मानधन नको." चार वाजता. सगळ्यांनी वाचलं, निळ्या खुणा दिसतात ना. पाचला कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं, सुप्रभात. संध्याकाळी पाचला!
शब्द: वाटाण्याच्या अक्षता? छे, त्यात निदान नकार तरी मिळतो. खिजगणतीत नसणे. हां, हा बरोबर.

१७ ऑग., रवि.
न बोलावता प्रॅक्टिसला गेले. लाज सोडली की पाय आपोआप चालतात.
पोरी गुणी आहेत, मनगटं छान. पुढारीण रेवा, दातांची डॉक्टर होतेय. पण मोबाईलवर हलगीचं रेकॉर्डिंग, त्याला छोटा स्पीकर! मुली आवाजामागे फरफटतायत. अगं, हलगीवाला पोरींच्या पायांकडे बघून वाजवतो. कुणी दमली तर तो हात आवरता घेतो. रेकॉर्डिंगला डोळे असतात का? मी तेच बोलून दाखवलं.
शुभांगीताई: "बाई, तेवढ्या खुर्च्या मांडता का?"
मांडल्या. मुकाट. मुलींदेखत. शब्द: पाणउतारा.
निघताना रेवा मागे आली. "काकी, सॉरी हं. मोबाईलवर बराबर चालतंय ने, एटले त्यांना वांधो वाटत नाही." पोर गोड आहे, मराठीत अर्धं गुजराती. म्हटलं, रस्त्यावर बघू.

१८ ऑग.
शेजारच्या जशोदाबेनना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "तमने कोई गणकारतुं नथी, ने तोय जाओ छो?" कुणी मोजत नाही तरी जाता. खिजगणतीच ती, फक्त गुजरातीत. वहीत लिहून घेतला.
हे म्हणाले, जाऊ नकोस. जाणार.

२७ ऑग., चतुर्थी
मंडळात आरती. तबक हातोहात येत होतं. माझ्या शेजारणीपर्यंत आलं, मग माझ्या डोक्यावरून पलीकडे. मी पुढे केलेले हात तसेच. केस सारखे केल्यासारखं केलं.
शब्द: डावलणे.
घरी येऊन ओट्याशी रडले. खूप रडले. ह्या वयात, एका तबकापायी! यांनी पाहिलं. चाळीस वर्षं वर्कशॉपमध्ये इंजिनं ठोकलेला माणूस, समजूत घालणं येत नाही. स्टूल घेतलं, माळ्यावरून हलगी काढली आणि समोर ठेवली.
हवेने चामडं सादळलेलं. गॅसवर धरली.
हे म्हणाले, "पापड भाजतेस का?"
तापली आणि कडाडली. जशोदाबेन गॅलरीत. "वाह रे बेन!"

५ सप्टें.
रोज तासभर. बोटांना फोड. उद्या विसर्जन. खुर्च्या मांड म्हणाल्या तर मांडीन, पण हलगी पिशवीत असेल.

७ सप्टें., रवि.
काल काय झालं ते नीट लिहिते. 
दुपारी निघालो, हेही बरोबर. पोळातून ठीक चाललं. पाणीगेटकडे वळलो, तर पुढे दुसऱ्या मंडळाचा डीजे. आमचा स्पीकर त्यात बुडून गेला. शुभांगीताई तो डोक्यावर धरून उभ्या, तरी ऐकू येईना. वीस लेझिमी, वीस ताल. भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज. ओट्यावरची माणसं हसायला लागली. एक मुलगी रडवेली झाली. रेवाने हात थांबवला आणि ओरडली, "काकी! हलगी!"
यांनी बगलेतला पेपर काढला. न वाचलेला! चहावाल्याकडून पेटवून आणला. मी पिशवीतून हलगी काढली, चामडं तापवलं. एक थाप. अशी कडकडली म्हणून सांगू, डीजेच्या वर!
"चार आवाज!" लेझमीचा पहिला हात मी पीटीच्या आवाजात पुकारला. पोरी सावरल्या. मी फक्त पाय बघत होते. एकीची चप्पल तुटली, मी अर्धी मात्रा थांबले, अख्खी रांग तिच्यासाठी थांबली आणि तिच्याबरोबर उठली. मग पुढचा हात, आगे फलांग. पुढच्या मंडळाच्या पोरांनी डीजे बंद केला. आपणहून! येऊन आमच्याभोवती नाचायला लागले. रस्ता आमचा होता, आमचा!
शुभांगीताई स्पीकर पोटाशी धरून उभ्या. चेहरा दगड. पण मी पायच बघत होते ना. त्यांचा उजवा पाय ताल धरत होता.
काल शब्द लिहायचा राहिला. आठवणच नाही झाली.

९ सप्टें.
सकाळी शुभांगीताईंचा फोन. "सुलभाताई!" चार वर्षांत पहिल्यांदा नावाने. मुलींना वर्षभर मीच शिकवावं, सगळ्यांची इच्छा आहे. मग जरा अडखळून, "फक्त हलगीऐवजी ढोल घेतला तर? शोभून दिसेल."
हो म्हणू? पोरींसाठी जीव तुटतो, ते खरं. आणि हलगी सोडणार नाही, तेही खरं.
म्हटलं, "एक मिनिट हं शुभांगीताई, चहा आलाय."
फोन टेबलावर आहे. चहा सावकाश पितेय, हे लिहितेय. हलगी गॅसशेजारी ठेवलीय. फोनमधून मघापासून हॅलो, हॅलो चाललंय. थांबल्यात अजून.