सासूबाई बसल्या की सरळ होणारी गाडी

ती. आत्या,

तुला नमस्कार, आणि तुला हे वाचून दाखवणारं जे कोणी असेल त्यांनाही. गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब घालतेस ना? फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहितेय. मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण रविवारपासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. बाळामुळे नाही, ते बिचारं झोपतं. गाडीमुळे.

दादाने लांब नोकरीला जाताना त्याची गाडी आम्हाला दिली, तुला माहीतच आहे. तिला त्याने हौसेने वरखाली करता येणारे शॉकअप बसवलेत आणि गाडी इतकी खाली घेतलीय की बघणाऱ्याला वाटावं, रस्त्यात रुतली. (दादा म्हणतो, ही ऐट. आत बसणाऱ्याच्या कमरेला विचार म्हणावं.) बाळ सातव्या महिन्यात झालेलं, दर पंधरा दिवसांनी मोठ्या दवाखान्यात दाखवायचं, आणि वाटेत अकरा स्पीडब्रेकर. मागच्या खेपेला सहाव्यावर गाडीचं पोट टेकलं. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, मधे आम्ही लटकलेले. हे उतरून ढकलत होते आणि मी बाळाला छातीशी धरून डोळे गच्च मिटून बसले होते. आता शुक्रवारी परत जायचंय. मी ह्यांना म्हटलं, कंपनीतून आली तेव्हा होती तेवढी उंच करा, नाहीतर मी चालत जाईन.

रविवारी हे म्हणाले, त्यात काय एवढं, शॉकअपला आटे आहेत, रिंग फिरवली की गाडी वर. रिंग फिरवायचा खास पाना दादाकडेच, मग छिन्नी-हातोडा घेतला. (एक नख काळंनिळं झालं.) कंपनीची उंची कुणाला ठाऊक? पलीकडच्या मास्तरांकडे हीच गाडी आहे, कंपनीतून आली तशीच, म्हणून मी शिवणाची टेप घेऊन चाकाच्या मधापासून वरच्या कमानीपर्यंत मोजायला गेले. मास्तर म्हणाले, काय चाललंय? मी खरं ते सांगितलं, तर त्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं. माणूस चांगला आहे.

गाडी जॅकवरून खाली आली की सासूबाई बाळाला घेऊन पुढच्या सीटवर बसायच्या, कारण घरात तेवढी मऊ खुर्ची नाही. आम्ही मोजायचो, त्यांची बाजू खाली दिसायची. मग त्यांना उतरवून परत जॅक, परत रिंग, आणि मोजायच्या आत त्या परत बसलेल्या. असं चारदा. शेवटी चारही चाकांवर टेप सारखी भरली, हे खूश, मी खूश. मग सासूबाई उतरल्या आणि त्यांची बाजू दोन बोटं वर आली.

हे म्हणाले, ‘आई, जरा बस परत.’ बसल्या, गाडी सरळ. उतरल्या, तिरकी. सासूबाई म्हणाल्या, ‘माझ्याशिवाय ह्या घरात काही सरळ चालत नाही, हे मी लग्नात सांगितलं होतं.’

काल गॅरेजवाला आला. आधी हसला, मग खाली वाकून बघितलं आणि हसायचा थांबला. म्हणाला, आटे संपत आलेत, रिंग कधीही निसटेल, ह्याच्यावर बाळाला नेऊ नका. पण तो असंही म्हणाला, की कंपनीचे जुने शॉकअप आणि स्प्रिंगा आणून द्या, अर्ध्या दिवसात होती तशी करतो, बाळ झोपेतून उठणारसुद्धा नाही. माणूस थापाड्या वाटला नाही. होईल गं सगळं नीट.

तुझी भाची

ता. क. बाळाचं वजन पंधरा दिवसांत पाव किलोने वाढलं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या.

ता. क. सासूबाई म्हणतात, गाडी दुरुस्त करायची गरजच नाही, त्या दर वेळी येतील.

ता. क. इथून पुढचं आत्याला वाचून दाखवू नका. जुने शॉकअप कुठे ठेवलेत ते फक्त माझ्या दादाला माहीत. मी फोन केला तर तो आधी गाडीची खुशाली विचारणार आणि मला रडू फुटणार. ह्यांना त्याला छिन्नी-हातोड्याचं सांगायची लाज वाटते. आत्या म्हणेल मीच लावते, पण तिला ऐकू येत नाही, ती त्याच्या लग्नाचं बोलून फोन ठेवून देईल. नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. जे कोणी हे वाचत असाल, तुम्हीच माझ्या भावाला फोन करा.