हलताना दिसले म्हणून

लिहून ठेवणार: डॉ. राजनंदिनी अमरसिंह शिंत्रे, वय त्रेसष्ट, निवृत्त वैद्यकीय प्राध्यापक, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर.

माझ्या मिळकतीची आणि माझ्या मागे राहणाऱ्या माणसांची व्यवस्था मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉ. शाहिस्ता बागवान यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. गरज पडेल असे वाटले नव्हते; यजमान माझ्यापेक्षा दणकट होते.

१) माझ्या हृदयाच्या स्नायूत नको ते प्रथिन साचत चालले आहे. भिंती जाड आणि ताठ झाल्या आहेत. हे निदान माझा विद्यार्थी डॉ. अबुजर मुजावर याने केले, म्हणजे त्याने सोनोग्राफीचे यंत्र छातीवर धरले आणि मी पडदा पाहिला. माझे हृदय दिसल्यावर त्याने यंत्र उचलले.

"मॅडम, परत एकदा बघू या. कोन चुकला असंल."

"कोन बरोबर आहे. मीच शिकवलाय तुला."

त्याने जेल पुसायला कागद दिला आणि तोंड फिरवले. औषध आहे, पण ते लवकर सुरू करावे लागते.

माझे हृदय थांबल्यास कोणीही माझी छाती दाबू नये, असे मी या कलमात लिहिले होते. ते ॲड. चौगुले यांनी काढायला लावले. "मॅडम, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडत्यात. तवर दाबून झालेलं असतंय." त्याचे वेगळे पत्र नोटरीपुढे केले असून प्रत फ्रिजवर चिकटवली आहे.

२) माझी पुस्तके आणि सोनोग्राफीचे मोठे जुने यंत्र मी जिथे शिकवले त्या महाविद्यालयाच्या हृदयविभागास द्यावे. याच यंत्रावर माझे सगळे काम उभे राहिले.

मी नवी अधिव्याख्याता असताना तानाबाई नावाची एक तरुण बाई अपघात विभागात आली. नाडी लागत नव्हती. मृत्यूचा कागद भरायला घेतला होता. मी सहज यंत्र तिच्या छातीवर टेकवले तर हृदय हलत होते. भोवती पाणी साठल्याने ते आवळले गेले होते, एवढेच. सुईने पाणी काढले आणि बाईने डोळे उघडले. अजून ती दर वर्षी खरवस घेऊन येते आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहते. तिला मी गेल्याचे कळवावे.

त्या दिवसापासून मी एकाच प्रश्नामागे लागले. बोटांना नाडी लागत नाही तेव्हा हृदय खरोखर थांबलेले असते का? विभागप्रमुख म्हणायचे, "नाडी बघायची सोडून सिनेमा काय बघताय?" पुढे निबंध छापून आला तेव्हा त्यावर पहिले नाव त्यांचे होते. ते आता हयात नाहीत आणि त्यांच्या नावाने व्याख्यानमाला चालते. माझ्या नावाने काही चालवू नये. ज्यांचे हृदय पडद्यावर हलते, त्यांच्यातले बरेच जण नेटाने प्रयत्न केल्यास परत येतात, हे आम्ही दाखवून दिले. हलताना दिसते आहे तोवर थांबायचे नाही, हे मी शिकवलेल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. परत आलेला माणूस पुढे घरी कसा जगतो, हे शोधायला मात्र आमच्याकडे ना माणसे होती, ना पैसा.

३) माझे यजमान अमरसिंह हयात आहेत. मृत्युपत्रात हे स्पष्ट लिहावे लागते असे वकील म्हणाले.

आजऱ्याला आमचा काजूचा कारखाना आहे. अमरसिंह तो धाकटे बंधू विजयसिंह यांच्याबरोबर चालवत. आवाज मोठा, हसणे त्याहून मोठे. नेसरीला माझ्या भाच्याच्या लग्नात, मांडवाच्या दाराशी पाहुण्यांना "पावणं, जेवल्याबगार जायचं न्हाय" असे बजावत असताना ते खाली कोसळले. मी गडहिंग्लजचे शिबिर आटोपून तिथे आले होते, त्यामुळे खिशात मावणारे छोटे यंत्र गाडीतच होते.

मी छाती दाबू लागले. मला माहीत असलेले सगळे मी केले आणि ते बिनचूक केले. हात भरून आले तेव्हा विजयसिंहांनी दाबले, मग पुन्हा मी. रुग्णवाहिका येता येईना. वाजंत्री बंद झाली होती. शेवटी विजयसिंहांनी माझे खांदे धरले.

"वैनी, सोडा आता. दादा गेल्यात."

गाडीतून आणवलेले यंत्र मी टेकवले. पडद्यावर झडप फडफडली. अगदी थोडी, दुसऱ्या कोणाला दिसलीही नसती.

"न्हाय, हलतंय," मी म्हणाले. रुग्णालयात मी अशी बोलत नाही. त्या वेळी तोंडून माहेरची भाषा आली.

माझी मुलगी स्नेहल समोर गुडघ्यांवर बसून म्हणत होती, "आई, थांबू नकोस."

मी थांबले नाही. रुग्णवाहिकेत विजेचा झटका दिला आणि हृदय चालू लागले. ते आजही उत्तम चालते. माझ्या हृदयापेक्षा चांगले. मेंदू मात्र परत आला नाही. अमरसिंह डोळे उघडतात, मिटतात. श्वास त्यांचा ते घेतात. अन्न नळीने जाते. काढून घ्यावे असे कोणतेही यंत्र त्यांना लावलेले नाही. त्यांना दुखते का, हे मला सांगता येत नाही. मी इतकी वर्षे या विषयात घालवली, तरी सांगता येत नाही.

ते छोटे यंत्र अबुजरने घेऊन जावे. माझ्यानंतर ते या घरात नको.

४) शाहूपुरीतील माझ्या मालकीची सदनिका मी स्नेहलला देत आहे. अमरसिंह आहेत तोवर ती विकू नये आणि त्यांची खोली बदलू नये. खिडकीतून बाजाराचा आवाज येतो तो येऊ द्यावा. त्यांना तो ऐकू येत असेल असा माझा दावा नाही. माझी सर्व बचत त्यांच्या शुश्रूषेसाठी राहील आणि व्यवहार स्नेहल पाहील. ती पुण्याला असते, नोकरी आणि दोन लहान मुले सांभाळते. तिच्यावर हे टाकताना मला दुसरा माणूस सुचलेला नाही.

५) नजीरा लालासाब मुल्ला अमरसिंहांचे सगळे करतात. त्यांना माझ्या सोन्याच्या पाटल्या द्याव्यात आणि हव्या तितकी वर्षे इथे राहू द्यावे. त्या त्यांना कूस बदलून देताना दिवसभराच्या बातम्या सांगतात. परवा मला म्हणाल्या, "बाई, मालकांनी आज वळून बघितलं की. तुम्हास्नी खोटं वाटंल."

ती नजर कशावरच ठरत नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. उलट विचारले, "कुठल्या बाजूला?"

"दाराकडं. तुमची वाट बघितल्यागत."

मी जाऊन बघून आले.

६) विजयसिंह शिंत्रे यांना मी काहीही देत नाही. एका बारशाला भरल्या घरात ते मला म्हणाले, "सोडा म्हणलंतं मी. तुमच्या अभ्यासापायी माझा भाऊ असा पडलाय." मी पेढा हातात घेऊन उभी होते. त्यानंतर आमचे बोलणे नाही.

तरीही दर रविवारी ते आजऱ्याहून येतात, नजीरांकडून गरम पाणी मागून घेतात आणि भावाची दाढी करतात. अमरसिंहांना कल्ले कसे ठेवायला आवडत ते त्यांनाच माहीत. मी तेवढा वेळ स्वयंपाकघरात थांबते. त्यांना यायला कोणीही, कधीही अडवू नये. दाढी त्यांनीच करावी.

७) माझा देह महाविद्यालयाला द्यावा. ताठ झालेले हृदय विद्यार्थ्यांना हातात धरायला मिळावे; पडद्यावर ते नीट समजत नाही. दिवस, तेरावे काही करू नये.

८) या कलमाचा मूळ मजकूर टंकलिखित असून त्यावर आडवी रेघ मारलेली आहे; हे त्याखाली मी हाताने लिहीत आहे. रेघेच्या दोन्ही टोकांना माझी सही आहे. माझ्या पश्चात अमरसिंहांचे हृदय थांबल्यास ते पुन्हा सुरू करू नये, असे त्यात लिहिले होते. ॲड. चौगुले यांनी ते अमरसिंहांच्या खोलीत मला वाचून दाखवले. मला सही करता आली नाही. मग उलट लिहून घेतले, की प्रयत्न करावेत. त्यावरही सही करता आली नाही.

"मग काय ठेवू, मॅडम?"

"कायदा काय म्हणतो?"

"त्यांनी स्वतः आधी लिहून ठेवायला पाहिजे होतं, असं म्हणतो."

अमरसिंहांनी असले काही लिहिले नसते. मला काय होतंय, असे ते म्हणाले असते.

मी स्नेहलला फोन केला. तिने दोन्ही मजकूर ऐकून घेतले. मग म्हणाली, "आई, तेव्हा मी तुला थांब म्हणायला पाहिजे होतं का?"

"नाही गं."

"मग पुढे बाबांचं थांबेल तेव्हा मी काय करू? एवढं तरी सांगून जा."

मी तिला उद्या सांगते म्हणाले. त्यानंतर तिचे फोन आले, मी सांगितलेले नाही.

स्नेहल, तू जे करशील ते बरोबर असेल, असे मी इथे लिहीत आहे. त्याने तुझे काही हलके होणार नाही, हेही मला ठाऊक आहे. नेसरीहून आल्यापासून मला भेटलेल्या प्रत्येक डॉक्टरने, मी केले ते बरोबरच होते, असे सांगितले आहे.

वरील मजकूर मी वाचला. तो माझाच आहे.

स्थळ: शाहूपुरी, कोल्हापूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

(सही) राजनंदिनी अमरसिंह शिंत्रे

आमच्या देखत सही केली, आम्ही त्यांच्या देखत केली:

१. (सही) डॉ. शाहिस्ता बागवान, कोल्हापूर
२. (सही) वर्षाराणी गणपतराव सासने, शेजारी, शाहूपुरी