ढिगाची उंची

१४ सप्टेंबर
चेअरमन झालो. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. यालाच एकमत म्हणतात. गावच्या सहकारी बॉयलरचं गरम पाणी आता नळांतून घराघरात जातं, हिवाळ्यात घरं त्यावरच तापतात. म्हणून संकल्प: यंदा जळण विकत आणायचं नाही. ज्याने त्याने आपल्या बागेतल्या फांद्या आणायच्या, मशीन त्यांच्या ढलप्या करील. लोकसहभाग हवा, लोकसहभाग.

२ ऑक्टोबर
प्रतिसाद उत्तम. फांद्या, पाला, कापलेलं गवतसुद्धा. सगळं ओलं. पण कोणाला नाही म्हणणार नाही, उत्साह मोडतो. ढीग बॉयलरघराच्या छपरापर्यंत पोचला. फोटो काढला.

१९ ऑक्टोबर, दुपारी
फोल्कमार आला होता. गावच्या आगीच्या बंबाचा प्रमुख. म्हणे, ओल्या ढलप्या एवढ्या उंच रचल्या की आतून तापतात. ढीग पसरवून ठेव, भिंतीपासून लांब. मी म्हटलं, तापणं हाच तर आपला धंदा. हसला नाही. माणसाला विनोदाचं अंग नाही.

८ नोव्हेंबर
सकाळी ढिगातून वाफ. उन्हात सुंदर दिसते. वास जरा आंबूस. शेजारची गेझिन सांगत होती, तिचा कुत्रा हल्ली त्या वाटेला जात नाही, ओढला तर गुरगुरतो. कुत्रा म्हातारा झालाय.

२८ नोव्हेंबर
पहिला बर्फ. सगळं गाव पांढरं. ढीग काळाच. त्यावर बर्फ टिकत नाही.

फोल्कमार परत. या वेळी लोखंडी सळई घेऊन. ढिगात खुपसली, थोडा वेळ ठेवली, काढून माझ्या हातात दिली. हातमोजा होता तरी टाकावी लागली.
"आज उपसू," तो म्हणाला. "ट्रॅक्टर माझा, माणसं माझी. तू फक्त हो म्हण."
रविवारी जिल्ह्याचे पाहुणे ढीग बघायला येणार आहेत. त्यांना काय सपाट जमीन दाखवू? सोमवारी उपसू म्हटलं. तो सळई उचलून चालता झाला. लोकांना निर्णय घेणारा माणूस पटकन पचत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
पाहुणे आले नाहीत. रस्त्यावर बर्फ म्हणे.
दुपारी निळसर धूर. धुकं असेल म्हणून खिडकी लावून घेतली.

१ डिसेंबर
बॉयलरघर गेलं. भिंती तेवढ्या उभ्या. विझवायला अख्खं गाव आलं होतं, बायकासुद्धा बादल्या घेऊन. सहभाग शंभर टक्के. हे अहवालात घ्यायला हवं.
फोल्कमारला दवाखान्यात नेलं. उजवा हात.

२ डिसेंबर
उणे नऊ. घरातले नळ गार. 'पुरवठ्यात तात्पुरता खंड' अशी सूचना लिहून दारोदार टाकली. कोणी दार उघडलं नाही. थंडीमुळे असेल.

४ डिसेंबर
स्वेटरवर स्वेटर घालूनही पेन धरवेना. सगळे आगीच्या बंबाच्या शेडमध्ये राहतायत कळलं, तिथे डिझेलचा हीटर लावलाय. गेलो. चर्चा करायला म्हणून.

मी शिरलो. फोल्कमार हीटरपाशी बसलेला, हाताला मनगटापर्यंत पांढरं बँडेज. बायको त्याला चमच्याने सूप भरवत होती. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत तोंड उघडलं.

मी चार शब्द तयार करून नेले होते. गेझिनने माझ्या हातात वाडगा दिला.
"बस तिकडे," ती म्हणाली. "आणि हार्टविग, बोलू नकोस."

बाकाच्या टोकाला बसलो. सूप बटाट्याचं होतं. गरम होतं.