न्यूनेनच्या खिडकीतली कुंडी

हार्लेमहून (नेदरलँड्स), आगगाडीत

अभिजित,

नव्या नोकरीत मी घरकर्जांचं गाठोडं बांधायला शिकतेय. बँक हजारो कर्जं एका कंपनीला विकते आणि त्या कंपनीत एकही माणूस नसतो, नुसतं नाव असतं. सकाळी गाडीतून धुक्यातल्या, पडदे नसलेल्या खिडक्या दिसतात. आत कुणीतरी कॉफी ओतत असतं, आणि त्याचं कर्ज अलगद तरंगत दुसरीकडे निघालेलं असतं. त्याला पत्ताही नसतो.

काल मी करारात लिहिलं की बँकेला वाटेल तेव्हा कर्जं परत घेता येतील. मला ते मायेचं वाटलं. माझ्या सीनियरने, मार्लूसने, ते शांतपणे खोडलं. म्हणाली, "परत घ्यायची सोय ठेवलीस तर ती विक्रीच नाही."

मग दिवसभर न्यूनेन गावातल्या घराची तुझी खिडकी दिसत राहिली. आपल्या घटस्फोटानंतर ते घर सोडताना मी कढीपत्त्याची कुंडी तुला देऊन टाकली, आणि दारातून म्हटलं, कधीतरी न्यायला येईन.

कुंडी तुझी. मी येणार नाही. हे पत्रही पाठवणार नाही, कारण तू ये म्हणालास तर मी येईन.

थंडीत तिला काचेपासून लांब ठेव. नाही, ते आता तूच बघ.

मृण्मयी