पोट दुखणारी मुलगी

सर, आज तुमच्याशी भांडायला बसले आहे, आणि या वेळी मीच जिंकणार आहे.

तुमच्या लोणावळ्याच्या दवाखान्यात मी नवीन होते. बेडशाहून एक आई मुलीला घेऊन आली. शाळेची वेळ झाली की मुलीचं पोट दुखायचं. तुम्ही पोट तपासलंत, टॉनिकची बाटली दिलीत. "सर, ती घाबरलीय," असं मी म्हणाले, तर केवढे उखडलात! "आपण मुलांचे डॉक्टर. मनाबिनाचं पुण्यात बघतील." पुण्याला ती कधीच गेली नाही. तिकडे नेलं की पोरीला वेड लागलं म्हणून गावभर होतं.

आता कामशेतला माझा दवाखाना आहे. मुलांच्या मनाच्या तक्रारींसाठी मी शनिवार राखून ठेवला, दारावर ठसठशीत पाटी लावली. चिटपाखरूही फिरकलं नाही. उलट, पाटी वाचून लोक रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले! शेवटी पाटी उतरवली. आता लस घ्यायला आलेली, खोकणारी आणि बोलेनाशी झालेली, सगळी मुलं एकाच रांगेत बसतात. अडलं की पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञ मैत्रिणीला फोन लावते.

त्याच रांगेतून वडिवळ्याची एक आजी नातीला घेऊन आली. "लय पोट दुखतंय हिचं. शाळंचं नाव काढलं की आडवीच पडती." मी हात चोळून गरम केले, तुम्ही शिकवलंत तसे, आणि पोट तपासलं. मग तिच्याशेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळानं ती बोलली. ती शाळेत असताना तिची आई गेली होती. आता शाळेत गेले तर आजीही मरेल, असं तिला वाटत होतं.

मैत्रिणीच्या सल्ल्यानं आजीला आधी वर्गाच्या दाराशी बसवलं, मग फाटकाशी, मग रस्त्याच्या वळणापर्यंतच सोडायला सांगितलं. बाईंनीही साथ दिली. आज आजी एकटीच आली, हसत. "मला म्हनली, तू जा भाताच्या लावणीला, मी जाती शाळंत!" सर, मला नाचावंसं वाटलं.

एक मात्र कबूल करते. पहिल्या दिवशी आजी बाटलीसाठी अडून बसली. "कुनी इचारलं तर पोटाचं औषध हाय म्हनून सांगाया व्हतं." मी तुमचंच टॉनिक दिलं. तुम्हीही ते त्यासाठीच द्यायचात का, हे तुम्ही होतात तोवर विचारायचं राहून गेलं.